चार पैलूंच्या फाशाचा सोस

टेबलाभोवती बसून खेळले जाणारे भूमिका-खेळ हा साहित्यचर्चेचा विषय कसा होऊ शकतो, असे आम्हांला अनेकदा विचारले जाते. चार-पाच माणसे एकत्र बसून, एकमेकांच्या वाक्यांवर वाक्ये रचत, तोंडी जे उभे करतात ते कथनच असते, एवढेच आमचे त्यावर उत्तर आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून (१९७४) रूढ झालेली याची रीत अशी: एक जण सगळे जग सांभाळतो, बाकीचे एकेका पात्राच्या वतीने बोलतात. जग सांभाळणाऱ्याला तिकडे ‘डंजन मास्टर’ म्हणतात. आम्ही त्याला सूत्रधार म्हणू, कारण आपल्या नाट्यपरंपरेत त्या कामाला तो शब्द तयारच आहे. एखादी कृती साधेल की फसेल हे अनिश्चित असेल तेव्हा खेळाडू वीस पैलूंचा फासा टाकतो, त्यात पात्राचे कौशल्य मिळवतो आणि बेरीज सूत्रधाराने ठरवलेल्या काठिण्यांकाला पोचते का हे पाहिले जाते.

या बेरजेत भर घालणारा ‘गायडन्स’ नावाचा एक मंत्र आहे. २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत तो किरकोळ मंत्रांत मोडतो, म्हणजे दिवसातून कितीही वेळा वापरता येतो. क्लेरिक किंवा ड्रुइड जातीचे पात्र सोबत्याला स्पर्श करते आणि सोबत्याला चार पैलूंच्या फाशाची भर मिळते. भर सरासरीने अडीचच. पण पंधराच्या काठिण्यांकाला पाचचे कौशल्य घेऊन सामोऱ्या जाणाऱ्या पात्राची यशाची शक्यता एरवी ५५ टक्के असते, ती त्यामुळे साडेसदुसष्ट टक्के होते. शिवाय दुसऱ्या एखाद्या सोबत्याने मदत केली, तर नियमानुसार मोठा फासा दोनदा टाकून चांगला आकडा घेता येतो. दोन्ही सवलती एकत्र केल्या की शक्यता ८९ टक्क्यांवर जाते. मग खेळाडू तसे करणारच. दार उघडायचे आहे? गायडन्स. राजाची मनधरणी करायची आहे? गायडन्स. सूत्रधाराचे वाक्य पुरे होण्याआधी कोणीतरी तो शब्द उच्चारतो, आणि काही बैठकांनंतर तो तोंडातला चाळा होऊन बसतो.

यावर सूत्रधारांची नेहमीची तक्रार अशी की हा मंत्र फार बलवान आहे. आम्हांला हे निदान पटत नाही. मूळ संहितेत त्याला पुरेसे बांध आहेत. मंत्र मोठ्याने म्हणावा लागतो, हाताची मुद्रा करावी लागते, सोबत्याला शिवावे लागते, एकाग्रता राखावी लागते, आणि हे सारे फार तर एक मिनिट टिकते. दुपारभर हस्तलिखिते चाळणाऱ्याला एका मिनिटाचा मंत्र कसा पुरावा? भर दरबारात सरदारांच्या डोळ्यांदेखत कोणी अगम्य शब्द पुटपुटत वकिलाच्या खांद्यावर हात ठेवला, तर त्यांना काय वाटेल? हे प्रश्न विचारायचे सोडून सूत्रधार निमूटपणे बेरीज मान्य करतो. मंत्र कृती म्हणून कथेत यायला हवा. तो फक्त शब्द म्हणून येतो. दुबळ्या गद्यात विशेषणांचे जे होते तेच येथे घडते.

दुसरी गोष्ट अधिक मुळाशी जाणारी आहे. खेळाडू बोनस हपापल्यासारखे गोळा करतात, कारण त्यांच्यापुढे फासे फार वेळा टाकले जातात. फसल्यास काही अर्थपूर्ण परिणाम होणार असेल तरच फासा टाकायला सांगावे, असे २०१४ चे सूत्रधारासाठीचे पुस्तकच बजावते. तरीही रिकाम्या खोलीतले कपाट उघडायलाही फासा मागितला जातो. फसले तर ‘काही सापडले नाही’, आणि कथा तेथेच अडते. अशा अपयशातून नवे काही निघत नाही, हे खेळाडू चटकन ओळखतो. त्याचा मंत्रोच्चार म्हणजे कंटाळवाण्या संहितेला दिलेला वाचकाचा प्रतिसाद आहे. त्याला दोष देण्याआधी संहिता तपासावी.

खेळरचनाकारांनीही यावर उपाय शोधले आहेत. ‘पाथफाइंडर’च्या दुसऱ्या आवृत्तीत (२०१९) याच नावाचा मंत्र फक्त एकाची भर देतो, आणि एकदा लाभ घेतलेल्या पात्राला पुढचा तासभर तो पुन्हा लागू होत नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०२४ च्या सुधारित नियमांत मंत्र म्हणतानाच कोणत्या कौशल्यासाठी तो आहे हे सांगावे लागते. दोन्ही तोडगे हिशेबाचे आहेत. आम्हांला ‘ब्लेड्स इन द डार्क’ची वाट अधिक भावते: तेथे सोबत्याला मदत करणाऱ्याला स्वतःवर एक अंश ताण घ्यावा लागतो. मदत मिळते, पण ती कोणाच्या तरी अंगावर पडते. नलोपाख्यानात ऋतुपर्णाकडून अक्षहृदय शिकलेला नल पुष्कराला हरवतो तेव्हा तो सवलत घेऊन जिंकला असे कोणी म्हणत नाही. त्या विद्येच्या बदल्यात त्याने आपली अश्वविद्या देऊ केलेली असते, आणि त्याआधीचा वनवास आपण वाचलेला असतो.

मंत्रावर सरसकट बंदी घालण्याला मात्र आमचा विरोध आहे. क्लेरिकचे पात्र पुष्कळदा टेबलावरचा सर्वांत अबोल खेळाडू घेतो. आमच्या विद्यार्थ्यांच्या गटात हे आम्ही वारंवार पाहिले आहे. दुसऱ्याच्या उपयोगी पडणे हीच त्याची बोलण्याची संधी असते. ती काढून घेतली की तो संध्याकाळभर गप्प बसतो. आणि मंत्र जसा चालतो तसाच चालू दिला, तर तोच मुलगा चार पैलूंचे फासे पुरवणारे यंत्र होतो, हेही तितकेच वाईट. त्याला विचारावे: कोणत्या दैवताला हाक मारलीस? सोबत्याच्या कानात काय सांगितलेस? कुलपाशी झटणाऱ्या चोराच्या पाठीवर हात ठेवताना दाराआडच्या पहारेकऱ्याने तुझा आवाज ऐकला तर चालेल का? पहिल्या एक-दोन वेळा तो अडखळतो. नंतर तो स्वतःच ठरवू लागतो की कोठे बोलायचे आणि कोठे नाही.

दिवसभराच्या कामानंतर दोन घटका राक्षस मारायला बसणाऱ्या मंडळींना ही सारी उठाठेव नको असेल, तर त्यांच्याशी आमचे भांडण नाही. त्यांनी सगळे काठिण्यांक दोनाने उतरवावेत आणि मंत्राचे नाव घेणे सोडून द्यावे. हिशेब जवळपास तोच राहील आणि बोलायला वेळ मिळेल.