शेळीच्या दुधाचा साबण आणि आमच्या घरातला वजनकाटा



गेल्या महिन्यात धाकट्या सुनेनं विचारलं, "मामा, शेळीचं दूध मिळंल का कुठं? अर्धा लिटर पुरे." मला वाटलं, नातवाला खोकला झालाय म्हणून हवं असंल. तर म्हणे, साबण करायचाय. मोबाईलवर बघितलंय, एकदम सोपं आहे, आणि मुख्य म्हणजे केमिकल नाही.

दूध मिळायला काही अडचण नाही. वडगावच्या पुढं ओळखीच्या एकाकडं दहा-बारा शेळ्या आहेत. बेळगावला शेळीच्या दुधाचं अप्रूप तसंही नाही. १९२४ च्या डिसेंबरात टिळकवाडीत काँग्रेस भरली, तिचे अध्यक्ष गांधीजी होते, आणि ते शेळीचंच दूध घेत. पण "केमिकल नाही" म्हटल्यावर मी पेपर बाजूला ठेवला.

मी कॉमर्सचा माणूस. केमिस्ट्री शाळेतच सुटली. तरी एवढं ठाऊक आहे की कॉस्टिक सोड्याशिवाय वडीचा साबण होत नाही. शेळीचं दूध घाला, गाईचं घाला नाहीतर चंदन घाला, तेल आणि कॉस्टिक एकमेकांत मुरले की साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. हिशेब बरोबर असला तर शेवटी वडीत कॉस्टिक उरत नाही, हे खरं. पण करताना तो हातात असतो, डोळ्यासमोर असतो, आणि तो बारका खडा दिसायला मिठासारखा असतो. "केमिकल नाही" असं सांगून बायकांना हे शिकवणाऱ्यांचा मला राग आहे. का, ते सांगतो.

१९९७ ची गोष्ट. निपाणीजवळच्या एका शाखेत मी फील्ड ऑफिसर होतो. त्या वेळी बचत गटांना कर्ज देण्याची योजना नवीन होती. एका गावातल्या महिला संघानं साबणासाठी पंधरा हजार मागितले. सगळ्या विड्या वळणाऱ्या किंवा तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या. त्यांच्यातल्या एक अक्का मला म्हणाल्या, "साहेब, तंबाखूच्या खकाण्यातनं सुटायचंय बघा." मी फाईल केली. ठराव होता, कोटेशन होतं, सह्या-अंगठे होते. कर्ज मंजूर झालं. साबण शिकवायला बाहेरून एक गृहस्थ आले, एक दिवस शिकवून गेले. मापं सगळी वाटीनं.

पुढच्या आठवड्यात बायकांनी स्वतः करायला घेतलं. भांडं जर्मलचं. त्यात कॉस्टिक टाकला आणि वरून तांब्यानं पाणी ओतलं. भसाभसा उकळून वर आलं. अक्कांच्या उजव्या हातावर आणि डोळ्यात उडालं. कुणी हळद लावली, कुणी लिंबू पिळलं. दवाखान्यात पोचायला दीड तास गेला. तो डोळा नंतर दुधासारखा पांढरा झाला.

त्यात दोन चुका होत्या, आणि दोन्ही आजही मोबाईलवर बघून कुणी ना कुणी करत असणार. एक, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही. पाण्यात कॉस्टिक टाकायचा, तोही थोडा थोडा. दुसरी, जर्मलचं भांडं. बेळगावकरांना हे समजायला अवघड नको. पूर्वीच्या इंडालच्या कारखान्यात बॉक्साइटमधून अ‍ॅल्युमिना काढतात तो कॉस्टिकनंच. जर्मलचं पातेलं तो खातो, उष्णता होते आणि वर पेटणारा हायड्रोजन वायू सुटतो. भांडं स्टीलचंच पाहिजे, नाहीतर जाड प्लॅस्टिकचं.

आणि अंगावर उडालंच तर पाणी. हळद नको, लिंबू नको, व्हिनेगर नको. नळाखाली धरायचं, डोळा असला तर पापण्या उघड्या धरून वीस मिनिटं सलग धुवायचा आणि तसंच डॉक्टरकडं जायचं.

सुनेला हे सगळं सांगितलं. वाटलं, नाद सोडंल. सोडला नाही. म्हणाली, "मग तुम्हीच समोर बसा." हो की, म्हटलं. खडेबाजारातनं पारदर्शक गॉगल आणले, लांब रबरी हातमोजे आणले आणि एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आणला. कॉस्टिक सीलबंद डब्यातला, लेबलवर शुद्धता लिहिलेला घेतला. मोरी साफ करायची पावडर चालत नाही, तिच्यात आणखी काय काय मिसळलेलं असतं.

हिशेब मात्र माझा. प्रत्येक तेलाचा आकडा वेगळा असतो. एका ग्रॅमला खोबरेल ०.१८३ ग्रॅम कॉस्टिक घेतं, शेंगतेल ०.१३६, एरंडेल ०.१२८. आम्ही खोबरेल २००, शेंगतेल २५० आणि एरंडेल ५० ग्रॅम धरलं. बेरीज ७७ ग्रॅम. त्यात पाच टक्के कमी करायचं, म्हणजे थोडं तेल शिल्लक राहतं आणि कातडीला जपतं. ७३ ग्रॅम झाले. बँकेत याला आम्ही मार्जिन म्हणायचो. तेल बदललं की आकडेमोड नव्यानं. एक वाटी हे नि अर्धी वाटी ते, असलं काही चालत नाही.

दुधाची भानगड वेगळीच. दुधात साखर असते, कॉस्टिकच्या उष्णतेनं ती करपते, दूध नारिंगी होतं आणि अमोनियासारखा वास सुटतो. म्हणून १६० ग्रॅम दूध बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं. ते खडे स्टीलच्या भांड्यात, भांडं बर्फाच्या परातीत, आणि चमच्याचमच्यानं कॉस्टिक. खिडक्या उघड्या, नातू शेजारच्या वहिनींकडं. पाऊण तास लागला, पण रंग फिका पिवळाच राहिला. मग स्टीलच्या गाळणीतनं कोमट तेलात ओतलं आणि हँड ब्लेंडरनं थांबून थांबून फिरवलं. कस्टर्डसारखं दाट झालं, वरून सोडलेल्या धारेची खूण राहायला लागली, तेव्हा साच्यात. साचा एक रात्र फ्रीजमध्ये ठेवला, नाहीतर दुधाचा साबण आतून तापतो. ती भांडी आता स्वयंपाकाला नाहीत. त्यावर सौभाग्यवती आणि सुनेत दोन दिवस अबोला होता, तो विषय वेगळा.

आता विकायचं. सुनेच्या भिशीतल्या बायका आत्ताच मागायला लागल्यात. माझं मत स्पष्ट आहे. घरात वापरा, बहिणीला द्या. पैसे घेऊन विकायचा तर २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे राज्याच्या औषध खात्याचा परवाना लागतो, आणि तो स्वयंपाकघराला मिळत नाही. "खरूज जाते, एक्झिमा बरा होतो" असं तर लिहूच नये. रोग बरा करतो म्हटलं की कायदा त्याला औषध समजतो. नातवाच्या अंगावर पुरळ येतं तेव्हा आम्ही डॉक्टरकडंच जातो. धाराशिवकडं उस्मानाबादी शेळीच्या दुधाचे साबण बायकांकडून करून घेण्याचा प्रयोग झालाय, आपल्या चिकोडी-निपाणीकडंही शेळ्या कमी नाहीत. जरूर व्हावं. पण कर्ज देणाऱ्यानं पहिल्या कोटेशनमध्येच काटा, गॉगल आणि पाण्याचा नळ बघावा. मी बघितला नव्हता.

त्या संघानं नंतर साबणाचं नाव काढलं नाही. पण विड्या वळून पंधरा हजार व्याजासकट फेडले, एकही हप्ता चुकला नाही. आमच्या रजिस्टरात ते खातं उत्तम म्हणून बंद झालं. शेवटचा हप्ता भरायला अक्का स्वतः आल्या होत्या. पावती उजव्या डोळ्यासमोर धरून वाचायला गेल्या, मग डाव्या बाजूला सरकवली.

आमच्या वड्या माळ्यावर जाळीत ठेवल्यात, तारीख घालून. सहा आठवडे व्हायला अजून नऊ दिवस आहेत. त्यानंतर पट्टीवर पीएच बघायचा, नऊ-दहाच्या आसपास आला तर पहिली वडी मी माझ्या हाताला लावणार, असं ठरलंय.