अतिविचार : जातीने लावलेला बिनपगारी ओव्हरटाइम

‘जास्त विचार करू नकोस रे’ हा सल्ला आपल्या शिकलेल्या, नोकरीला लागलेल्या पोरांना आज सगळीकडून मिळतो. आई देते, बायको देते, मोटिव्हेशनल वक्ते तर पैसे घेऊन देतात. सकारात्मक राहा, पहाटे उठा, झालं गेलं विसरा. या सल्ल्यात एक गृहीतक लपलेलं आहे : बिघाड तुझ्या डोक्यात आहे, बाहेर सगळं ठीक चाललंय. माझा आक्षेप या गृहीतकाला आहे.

आपल्यातला एखादा इंजिनिअर, प्राध्यापक किंवा बँकेतला अधिकारी घ्या. घराण्यातला पहिला पदवीधर. साधा ई-मेल तो सहा वेळा वाचून पाठवतो. मीटिंगमध्ये बोललेलं एक वाक्य रात्री दोनपर्यंत मनात उगाळत बसतो. साहेब हसले ते कशाला? आडनाव विचारलं ते सहज की मुद्दाम? शेजारच्या टेबलावरच्या सवर्ण सहकाऱ्याकडून चूक झाली तर ती एका माणसाची चूक असते. याच्याकडून झाली की ‘कोट्यातून आलेत ना’ हे वाक्य तयारच असतं. आपल्या एका चुकीचा दंड अख्ख्या समाजाला भरावा लागतो, हे ज्याला माहीत आहे तो दहा वेळा विचार करणारच. याला कमकुवत मन म्हणू नका. हा अनुभवातून शिकलेला हिशेब आहे. सहकारी आठ तास काम करून झोपतो. आपला माणूस आठ तास काम करतो आणि वर चार तास जातीचा हिशेब करतो. त्याचा पगार कुणी देत नाही.

पुरावा पाहिजे? कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोन अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या मुलांना चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. जात उघड केली नव्हती तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांची कामगिरी जवळपास सारखी होती. मग दुसऱ्या गटात प्रत्येकाचं नाव, गाव, बापाचं नाव, आजोबाचं नाव आणि जात सगळ्यांसमोर वाचून दाखवली. दलित मुलांनी सोडवलेली कोडी सुमारे पाचव्या हिश्शाने घटली. कोडी तीच, वय तेच, फक्त जात मोठ्याने वाचली गेली. मोठेपणी त्या खोलीला ऑफिस म्हणतात, विभाग म्हणतात, हॉस्टेल म्हणतात, आणि तिथे जात रोज वाचली जाते. कधी आडनावातून, कधी रँक विचारून, कधी डब्यातल्या भाजीवरून.

समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये खाजगी अडचण आणि सार्वजनिक प्रश्न यांतला फरक मांडला. एकाला झोप लागत नसेल तर ती त्याची अडचण. पण एका समाजातून वर आलेल्या पहिल्या पिढीलाच झोप लागत नसेल, तर तो सार्वजनिक प्रश्न आहे. सार्वजनिक प्रश्नाला पहाटे पाचच्या अलार्मने उत्तर मिळत नाही.

आता आपल्या घरातलं बोलू. दर एप्रिलमध्ये आपण अठरा तास अभ्यासाचे उपक्रम घेतो. चांगलं आहे. पण तेच अठरा तास आपण थकलेल्या पोरांच्या पाठीवर चाबकासारखे ओढतो : बाबासाहेबांनी एवढं सोसलं, तुला काय झालंय? १९१७ साली बडोद्यात पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या जमावाने बाबासाहेबांना बाहेर काढलं. परदेशात शिकून आलेल्या त्या माणसाला शहरात निवारा मिळाला नाही. अठरा वर्षं उलटली तरी तो प्रसंग पुसला गेला नाही, आठवला की डोळ्यांत पाणी येतं, हे त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवलं. अठरा तास सांगणाऱ्यांनी ही अठरा वर्षंही सांगावीत. बाबासाहेबांनी ते दुःख लपवलं नाही. ते लिहिलं, आणि माणसं जोडली. १९२० मध्ये ‘मूकनायक’, १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२७ मध्ये महाड. एकट्याच्या डोक्यातला विचार त्यांनी सभेत आणला.

आपले यशस्वी पुरुष नेमकं उलटं करतात. बोलायचं नाही, कारण वस्तीत ते ‘साहेब’ आहेत. मग ती धुसफूस घरी बायकोवर निघते. तिलाही ऑफिसात तीच जात झेलावी लागते आणि वर स्वयंपाक असतोच. ‘मर्द रडत नाही’ हे बाबासाहेबांनी शिकवलेलं नाही.

काही कार्यकर्ते म्हणतील, मनाबिनाचं बोलणं म्हणजे लढा पातळ करणं. त्यांना माझा सवाल आहे. रोहित वेमुला गेला तेव्हा, पायल तडवी गेली तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो, ते बरोबरच होतं. पण त्याच हॉस्टेलांमध्ये आज जिवंत असलेल्या पोरांसोबत आपण किती वेळा बसलो?

बुद्धाने या गोष्टीला नाव दिलं होतं : पपंच. मधुपिंडिक सुत्तात ते सापडतं. एका संवेदनेतून विचार फुटतो, विचारातून जाळं वाढतं आणि शेवटी माणूसच त्यात अडकतो. सल्ल सुत्तात दोन बाण आहेत. पहिला बाण आपल्याला जात मारते आणि त्याच्याशी लढायचंच आहे. दुसरा बाण रात्री दोन वाजता आपलाच हात मारतो. तो थांबवणं ही शरणागती नाही, लढायला ताकद शिल्लक ठेवणं आहे.

म्हणून एक वही करा, दोन रकाने आखा. ज्या गोष्टीला पुरावा आहे तिथे तारीख, वेळ, नेमके शब्द, साक्षीदार लिहा. ते समान संधी कक्षाकडे, संपर्क अधिकाऱ्याकडे, युनियनकडे, वकिलाकडे न्या. ज्याला पुरावा नाही, नुसती शंका आहे, ते दुसऱ्या रकान्यात लिहा आणि आपल्या माणसांत बोला. रविवारच्या वंदनेनंतर विहारात अर्धा तास यासाठी ठेवा. भाषण नको, सत्कार नको, फक्त ऐकणं. दोन-तीन आठवडे झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वहीवर थांबू नका, डॉक्टरकडे जा. १४४१६ ही सरकारची टेली-मानस हेल्पलाइन मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

शिका, हे आपण केलं. संघर्षही करतो आहोत. मधलं ‘संघटित व्हा’ आपण मोर्चापुरतं ठेवलं. रात्री दोन वाजता एकटा जागा असलेला आपला भाऊ त्या शब्दातून सुटला आहे. आज त्याला फोन करा, आणि ‘जास्त विचार करू नकोस’ सोडून दुसरं काहीही बोला.

जय भीम.