कॅमेऱ्याची चाळिशी

मुलांच्या हट्टांत दोन जाती असतात. एक हट्ट दुसऱ्याच्या हातांतील वस्तु पाहून उत्पन्न होतो, व ती वस्तु आपल्या हातीं येतांच विरून जातो. दुसरा स्वतःच्या डोळ्यांनीं कांहीं पाहिल्यामुळें उत्पन्न होतो, व तो मोडला तर मूल पाहणेंच सोडून देतें. वडील माणसांनीं या दोहोंतील भेद ओळखावा, असा उपदेश आम्हीं पुष्कळ वर्षें पालकांस केला. परंतु प्रसंग आमच्या घरांत आला तेव्हां आम्हीच चुकलों.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या नातीस परसांतील कागदी लिंबाच्या कोंवळ्या पानावर फुलपाखराचें अंडें दिसलें. मोहरीएवढें, फिकट पिवळें व मोत्यासारखें वाटोळें. तीन-चार दिवसांत त्यांतून अळी बाहेर पडते, हें तिला ठाऊक होतें. घरांत तिच्या काकांचा कॅमेरा होता. परंतु तो पानाजवळ नेतांच चित्र धुरकट होई, व दूर धरल्यास अंडें दिसेना. याकरितां निराळें मॅक्रो भिंग मिळतें, तें आणावें, असें ती आम्हांस म्हणाली. त्याची किंमत कित्येक हजारांच्या घरांत आहे असें कळतांच आम्हीं तिला काटकसर, संतोष व अपरिग्रह या तीन विषयांवर अर्धा तास व्याख्यान दिलें. तिनें तें निमूटपणें ऐकून घेतलें व कॅमेरा कपाटांत ठेवून दिला.

आमच्या सौ. ओटीवर तांदूळ निवडीत होत्या. त्यांनीं नाकावरील चाळिशी काढून नातीच्या हातीं दिली. "अग, चाळिसाव्या वर्षीं तुझ्या आजोबांना जवळचें दिसेनासें झालें, तेव्हां आम्हीं कांहीं नवा डोळा विकत आणला नाहीं. ही त्या कॅमेऱ्यापुढें धरून बघ!" चष्म्याची एक काच भिंगापुढें धरतांच पानाच्या शिरा स्पष्ट उमटल्या. आमचें व्याख्यान तेथेंच निकालांत निघालें.

चाळिशीचें हें काम करणारी काच कॅमेऱ्याकरितां बाजारांत तयार मिळते. तिला क्लोज-अप फिल्टर म्हणतात. फिल्टर म्हणजे गाळणी. परंतु ही काच कांहींच गाळीत नाहीं. फिल्टरप्रमाणें ती भिंगाच्या तोंडावरील आट्यांत फिरवून बसवितात, इतकाच त्या नांवाचा अर्थ. वस्तुतः तें एक बहिर्गोल भिंगच होय. संस्कृतांत चष्म्यास उपनेत्र म्हणतात. तो शब्द हिला अधिक शोभतो.

या काचांवर +१, +२, +४, +१० असे अंक असतात. वाचनाच्या चष्म्याचा नंबर ज्या डायॉप्टर नामक मापानें सांगतात, तेंच हें माप. १ मीटरास या अंकानें भागिलें म्हणजे काचेचें नाभीय अंतर निघतें: +१ चें १०० सेंटिमीटर, +२ चें ५०, +४ चें २५ व +१० चें १०. कॅमेऱ्याचें भिंग अनंत अंतरावर लावून ठेविलें, तर वस्तु काचेपासून तितक्याच अंतरावर स्पष्ट दिसते. काच लावलेली असेपर्यंत दूरचे डोंगर मात्र दिसावयाचे नाहींत.

चित्र किती मोठें येईल हें एकट्या काचेवर अवलंबून नसतें. त्याचें गणित सोपें आहे: कॅमेऱ्याच्या भिंगाचें नाभीय अंतर काचेच्या नाभीय अंतरानें भागावें. ५० मिलिमीटरच्या भिंगापुढें +४ ची काच लावली, तर ५० भागिले २५०, म्हणजे सेन्सरवरील प्रतिमा वस्तूच्या एक-पंचमांश. तीच काच २५० मिलिमीटरच्या भिंगापुढें लावली, तर प्रतिमा वस्तूएवढीच येते. पुष्कळशा महागड्या मॅक्रो भिंगांची मजलही येथवरच असते. काकांच्या पेटींत पक्ष्यांकरितां घेतलेलें असें लांब भिंग पडून होतें! शिवाय वस्तु सुमारें एक वीत दूर राहत असल्यामुळें तिच्यावर आपली सावलीही पडत नाहीं.

काच घेतांना भिंगाच्या तोंडावर, छेद दिलेल्या शून्यापुढें, ५२ किंवा ५८ असा जो व्यासाचा अंक असतो, त्याच मापाची घ्यावी. चार काचांचा साधा संच कांहीं शेंकडे रुपयांत मिळतो. दोन काचा एकत्र लावल्यास अंकांची बेरीज होते. मोठ्या अंकाची काच भिंगालगत असावी. पोकळ एक्स्टेन्शन ट्यूब लावल्यानें प्रकाश घटतो, तसा येथें घटत नाहीं.

आतां दोषांविषयीं. स्वस्त काच एकेरी असते. तिला सर्व रंग एका ठिकाणीं आणतां येत नाहींत. म्हणून वस्तूच्या कडांस रंगीत किनार दिसते व चित्राचे कोपरे पुसट होतात. अंक मोठा तितका दोष अधिक. +१० च्या काचेनें आमची निराशाच केली. दोन निरनिराळ्या जातींच्या काचा जोडून हा दोष घालविण्याची युक्ति जुनी आहे. इंग्लंडांत जॉन डॉलंड यांनीं १७५८ सालीं तिचें पेटंट घेतलें. कॅननची २५०डी ही +४ ची काच अशीच जोडकाच आहे. जोडकाचेस किंमत अधिक पडते, तरी मॅक्रो भिंगाइतकी नव्हे. प्रथम एकेरी काचेवर हौस पारखावी. टिकली तर जोडकाच घ्यावी.

छिद्र ८ किंवा ११ या अंकावर ठेवावें, म्हणजे दोष बराच झांकतो. तथापि वस्तूएवढी प्रतिमा घेतांना एक मिलिमीटरहूनही कमी जाडीचा थर स्पष्ट येतो. म्हणून कडें फिरवीत न बसतां कॅमेऱ्यासह आपणच किंचित् पुढें-मागें व्हावें, व वारा थांबण्याची वाट पाहावी. किडा हलूं नये म्हणून त्यास शीतपेटींत घालणारेही लोक आहेत. तो मार्ग आमच्या घरीं वर्ज्य आहे.

संच त्याच सायंकाळीं आणला. पहिल्या दिवसाचीं सर्व चित्रें हललीं. तिसऱ्या दिवशीं पहांटे अंडें काळसर झालें, व उजाडल्यावर अळी बाहेर येऊन आपल्याच अंड्याचें टरफल खाऊं लागली. नातीच्या चित्रांत टरफलाची कड व अळीचें डोकें एवढेंच स्पष्ट आहे. बाकी सर्व धुकें. आम्हीं साठांहून अधिक वर्षें लिंबाचीं झाडें पाहिलीं; हें कधीं पाहिलें नव्हतें. सौ.ची चाळिशी मागून घेऊन आम्हीं तें चित्र दोनदां पाहिलें.

अपरिग्रहावर पुनः बोलण्याचा प्रसंग आला, तर आरंभीं मुलानें काय पाहिलें आहे तें विचारावें, असें आम्हीं ठरविलें आहे.