साखळी कुठं तुटते?



परवा व्याडेश्वराच्या देवळातून परतताना दोघींचं बोलणं कानावर पडलं. कॉलेजच्या मुलींचा कबड्डीचा संघ पहिल्याच फेरीत हरून आला होता. "मुलींना कुठं जमतंय हो जीव तोडून खेळायला!" असा निकाल देऊन त्या मोकळ्या झाल्या. मला मात्र घरी येईपर्यंत चैन पडेना. मुलींचे संघ मागं का पडतात, याचं एक उत्तर माझ्याच स्वयंपाकघरात घडलंय.

काही वर्षांपूर्वी माझी भाची शिकायला आमच्याकडे गुहागरला होती. कबड्डीत उजवा कोपरा सांभाळायची. अंतिम सामना चिपळूणला, आणि नेमका त्याच दिवशी आमच्याकडे सत्यनारायण. "आत्या, जाऊ का?" तिनं एकदाच विचारलं. "पन्नास माणूस जेवायला, आणि तुला खेळ सुचतोय?" मी म्हटलं. ती राहिली, पानं वाढली. माझा मुलगा सकाळीच किनाऱ्यावर क्रिकेटला गेला होता. त्याला अडवायचं मला सुचलंसुद्धा नाही! संघ दोन गुणांनी हरला. भाची काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी जर्सी धुतली, वाळवली, नीट घडी घालून परत देऊन आली. पुन्हा मैदानावर गेली नाही.

कबड्डीत पकड एकटीची नसते. दोघी हातात हात घालून साखळी धरतात, आणि त्या दोन हातांना एकमेकांची सवय रोजच्या सरावानंच होते. आता हिशेब करा. संघात सात जणी, सराव आठवड्यातून सहा दिवस. एकीकडे पाहुणे, दुसरीकडे हळदीकुंकू, तिसरीची पालशेतची एस.टी. चुकेल म्हणून घाई. प्रत्येकीनं वेगवेगळ्या दिवशी एकेकच दांडी मारली, तरी सातही जणी एकत्र आल्या असा एक दिवस उरत नाही. मग सामन्यात साखळी तुटली तर दोष मुलींचा का?

अंगात खेळ नाही म्हणावं, तर २०१२ साली पाटण्याला महिलांचा पहिला कबड्डी विश्वचषक भारतानं जिंकला, त्या संघात आपल्या सुवर्णा बारटक्के, अभिलाषा म्हात्रे आणि दीपिका जोसेफ होत्या. २०२५ साली दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या मुलींची कर्णधार प्रियांका इंगळे. मुली कमी नाहीत. त्यांच्या पाठीशी उभं राहणारं माणूस कमी पडतं.

अमेरिकेत पॅट समिट नावाच्या बाईंनी १९७४ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, टेनेसी विद्यापीठाच्या मुलींचा बास्केटबॉल संघ हाती घेतला. सुरुवातीला गाडी त्याच चालवायच्या, खेळाडूंचे कपडेही त्याच धुवायच्या. पुढं त्याच संघानं आठ वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

आपल्याला गाडी चालवायची नाही. एवढं मात्र घरच्या घरी जमण्यासारखं आहे:

सरावाच्या आणि सामन्यांच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा. पूजेचा, पाहुण्यांचा दिवस ठरवण्याआधी तिकडे एक नजर टाका.

२०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या शंभरातल्या ५९ मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं. तेव्हा मैदानावर उपाशीपोटी धाडू नका. केळं, किंवा मूठभर शेंगदाणे आणि गूळ हातावर ठेवा. जेवणात नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, पालेभाजी असू द्या. वर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा नको.

पाळीच्या दिवसांत बरं वाटत असेल तर तिला खेळू द्या; पोटात फार दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

परतायला उशीर होणार असेल तर दोन-तीन घरांनी मिळून आणायची पाळी लावा. आणि हो, भांडी भावानंही घासावीत!

भाचीची मुलगी आता कॉलेजात गेलीय, तीही कबड्डी खेळते. परवा भाचीचा फोन आला, "आत्या, हिचा सामना आहे, येशील?" त्या दिवशी माझी भिशी होती. मी भिशी पुढं ढकलली.

तुमच्या घरी खेळणारी मुलगी आहे का? तिच्या सरावाची वेळ तुम्ही कशी सांभाळता, जरूर लिहून कळवा.