हृदयाचे ठोके चुकतायत? बाटलीतल्या गोळ्यांआधी मनगटावर बोट ठेवा, जामखेडचा धडा तोच आहे

"अंगावरून वारं गेलं." नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात हे वाक्य कानावर आलं की समोरच्याला लगेच कळतं, कुणाला तरी लकवा झालाय. सकाळी चहा पिताना कप हातातून पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं. बीपी होतं का, शुगर होती का, अशी चौकशी होते. पण "नाडी कधी बघितली होती का?" हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

मोबाइलवर मात्र हृदयाच्या धडधडीवर उपायांचा पाऊस पडतोय. मॅग्नेशियम घ्या, फिश ऑइल घ्या, अश्वगंधा घ्या, अर्जुनसालीचा काढा प्या, प्राणायाम करा आणि डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा, असं सांगणारे रील आणि फॉरवर्ड रोज फिरतात. यातल्या काही गोष्टींत तथ्य आहे. त्यामुळेच त्यातली खोटी आणि धोक्याची गोष्टही खरी वाटून जाते.

म्हणून यातलं काय खरं, काय अर्धं खरं आणि काय धोक्याचं, हे नीट बघूया.

एएफ म्हणजे नेमकं काय?

एएफ म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाला चार कप्पे असतात. वरचे दोन कप्पे एका लयीत आकुंचन पावतात आणि रक्त खालच्या कप्प्यांत ढकलतात. एएफमध्ये या वरच्या कप्प्यांची लय बिघडते. ते नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात. मग नाडी कधी जलद, कधी सावकाश, असा कुठलाच मेळ नसल्यासारखी लागते.

काहींना धडधडतं, दम लागतो, थकवा येतो. काहींना काहीच होत नाही, आणि धोका तिथेच आहे. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचतं, त्याची गुठळी होते. ती गुठळी सुटून मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली की लकवा. अमेरिकेतल्या प्रसिद्ध फ्रॅमिंगहॅम अभ्यासाने १९९१ मध्ये दाखवून दिलं होतं की एएफ असलेल्या माणसाला लकव्याचा धोका साधारण पाच पट असतो.

म्हणजे एएफच्या उपचारात दोन वेगळे प्रश्न असतात. ठोके ताळ्यावर कसे आणायचे, हा पहिला. गुठळी कशी टाळायची, हा दुसरा. सोशल मीडियावरचे बहुतेक सल्ले पहिल्या प्रश्नाबद्दल असतात. लकवा होतो तो दुसऱ्याकडे दुर्लक्ष झालं म्हणून.

मग आहार, वजन, योग हे सगळं थोतांड आहे का?

अजिबात नाही. २०२४ मध्ये युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने एएफबद्दल नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात उपचारांच्या यादीत पहिलाच मुद्दा आहे सोबतचे आजार आणि सवयी सुधारण्याचा. बीपी, साखर, वजन, व्यायाम, दारू, झोपेत श्वास अडकणं, हे सगळं त्यात येतं. म्हणजे जीवनशैली हा आता जोडउपाय राहिलेला नाही, तो उपचाराचाच भाग आहे.

सगळ्यात ठोस पुरावा वजनाचा आहे. ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेड शहरात लेगसी नावाचा अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वजन जास्त असलेल्या ३५५ एएफ रुग्णांवर लक्ष ठेवलं होतं. ज्यांनी १० टक्के किंवा त्याहून जास्त वजन उतरवलं आणि टिकवलं, त्यांची लय नीट राहण्याची शक्यता इतरांच्या सहा पट निघाली. पण ज्यांचं वजन सतत वरखाली होत राहिलं, त्यांचा फायदा कमी झाला.

दुसरा पुरावा दारूचा. ऑस्ट्रेलियातच नियमित दारू पिणाऱ्या १४० एएफ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला दारू सोडायला सांगितली, दुसऱ्याला नेहमीसारखं राहू दिलं. सहा महिन्यांत दारू सोडलेल्यांपैकी ५३ टक्के लोकांना एएफचा झटका पुन्हा आला, पिणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ७३ टक्के होतं. हा अभ्यास २०२० चा. नगर जिल्ह्याला हा मुद्दा वेगळा समजावून सांगायची गरज नाही. राळेगणसिद्धीत अण्णा हजारेंनी १९७० च्या दशकात कामाला सुरुवात केली, तेव्हा गावातल्या दारूच्या भट्ट्या बंद करणं हे सुरुवातीच्या कामांपैकी एक होतं.

आता ताण आणि योग. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये डॉ. धनंजय लक्किरेड्डी यांच्या गटाने ४९ एएफ रुग्णांना तीन महिने, आठवड्यातून दोनदा अय्यंगार पद्धतीचा योग शिकवला. ही तीच पद्धत जी बी.के.एस. अय्यंगार यांनी पुण्यातून जगभर नेली. २०१३ मध्ये आलेल्या निकालानुसार लक्षणांसह येणारे झटके सरासरी ३.८ वरून २.१ वर आले. चिंता आणि नैराश्यही कमी झालं. पण अभ्यास लहान होता आणि तुलनेसाठी योग न करणारा वेगळा गट नव्हता. योगाने त्रास कमी होऊ शकतो, एवढं यातून म्हणता येतं. योगाने गुठळी टळते, असं यातून कुठेही निघत नाही.

आणि कॉफी? वर्षानुवर्षं रुग्णांना कॉफी बंद करायला सांगितलं गेलं. २०२५ मध्ये २०० रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात रोज कॉफी पिणाऱ्यांमध्ये एएफ परत येण्याचं प्रमाण ४७ टक्के होतं, कॉफी सोडलेल्यांमध्ये ६४ टक्के. म्हणून कुणी मुद्दाम कॉफी सुरू करावी असं नाही, पण एक कप प्यायलात तर अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही.

बाटलीतल्या सप्लिमेंटचं काय?

इथे चित्र उलटं आहे.

फिश ऑइल म्हणजे ओमेगा-३ च्या कॅप्सूल 'हृदयासाठी चांगल्या' म्हणून विकल्या जातात. २०२१ मध्ये सात चाचण्यांतल्या ८१ हजारांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून तपासली गेली. या कॅप्सूल घेणाऱ्यांमध्ये एएफ होण्याचा धोका कमी नाही, तर २५ टक्क्यांनी जास्त निघाला. रोज एक ग्रॅमहून जास्त घेणाऱ्यांमध्ये ही वाढ ४९ टक्के होती. हे कॅप्सूलबद्दल आहे, ताटातल्या माशाबद्दल नाही.

मॅग्नेशियम शरीरात खूप कमी झालं तर ठोके बिघडतात, हे खरं आहे. दवाखान्यात ते शिरेतूनही देतात. पण कमतरता नसताना रोज गोळी घेऊन एएफ बरा होतो, याला भक्कम पुरावा नाही. किडनी कमजोर असेल तर ते अंगात साचून उलटा त्रास होतो. आणि नगरच्या ताटात बाजरीची भाकरी, शेंगदाणे, हरभरा असतातच. मॅग्नेशियम त्यात भरपूर आहे.

अश्वगंधा 'ताणावर' म्हणून घेतली जाते. तिने काही लोकांत थायरॉइड हार्मोन वाढल्याच्या नोंदी आहेत, आणि वाढलेला थायरॉइड हे एएफचं माहितीतलं कारण आहे. अर्जुनसालीबद्दल आपल्याकडे मोठी श्रद्धा आहे, पण तिने एएफमधला लकवा टळतो हे दाखवणारी मोठी चाचणी झालेली नाही. लसूण, हळद, जिन्को यांचे तीव्र अर्क असलेल्या कॅप्सूल रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत घेतल्या तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. भाजीतली हळद आणि फोडणीतला लसूण यांची काळजी नको.

यातली आणखी एक गोष्ट कायद्याची. १९५४ चा औषधे आणि जादूटोणा उपाय कायदा हृदयविकार बरा करण्याच्या जाहिराती करायला मनाई करतो. सप्लिमेंटच्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापणं अन्न सुरक्षेच्या नियमांनी बंधनकारक आहे. ती ओळ बारीक अक्षरात असते आणि रीलमध्ये कधीच दिसत नाही.

मेथीची जुडी आणि रक्त पातळ करणारी गोळी

गुठळी टाळण्यासाठी ज्या गोळ्या देतात त्यांना 'रक्त पातळ करणाऱ्या' म्हणतात. खरं तर त्या रक्त पातळ करत नाहीत, ते गोठण्याची प्रक्रिया मंद करतात. वॉरफेरिन आणि असिनोकुमारॉल या त्यातल्या जुन्या गोळ्या. वॉरफेरिनची सुरुवात १९४८ मध्ये उंदीर मारायचं औषध म्हणून झाली. माणसांसाठी ते १९५४ पासून वापरात आलं. एएफमधला लकव्याचा धोका ते साधारण दोन तृतीयांशाने कमी करतं. अॅस्पिरिन त्याची जागा घेऊ शकत नाही.

या गोळ्या व्हिटॅमिन के च्या विरोधात काम करतात, आणि व्हिटॅमिन के असतं हिरव्या पालेभाज्यांत. मेथी, पालक, शेपू, हरभऱ्याची भाजी. थंडीत मेथीची जुडी स्वस्त होते, घरात रोज मेथी होते, आणि गोळीचा परिणाम नकळत घटतो. उपवासाच्या दिवसांत खाणं एकदम कमी झालं तर तोच परिणाम वाढू शकतो.

म्हणून पालेभाजी सोडायची का? नाही. दर आठवड्याला साधारण सारखीच खायची. आणि आयएनआर नावाची रक्ताची तपासणी ठरलेल्या वेळी करायची. एएफमध्ये हा आकडा बहुतेकांचा २ ते ३ च्या दरम्यान हवा असतो. कमी झाला तर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव.

नव्या गोळ्या आहेत ना, मग अडचण काय?

डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबॅन, अॅपिक्साबॅन या नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही आणि मेथीचंही पथ्य नाही. अनेक रुग्णांसाठी त्या सोयीच्या आहेत. रिव्हारोक्साबॅनची नेहमीची मात्रा मात्र जेवणासोबतच घ्यावी लागते, हे उपवास करणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवं.

पण भारतात एक वेगळी गोष्ट आहे. लहानपणी घसा दुखून येणारा आणि सांधे धरणारा संधिज्वर हृदयाची झडप खराब करतो. पुढे त्यातून एएफ होतो. ४६ देशांतल्या १५ हजारांहून जास्त रुग्णांच्या एका नोंदवहीत भारतातल्या एएफ रुग्णांपैकी ३१.५ टक्के लोकांना झडपेचा हा आजार होता. उत्तर अमेरिकेत हे प्रमाण होतं २.२ टक्के.

अशा रुग्णांसाठी नवी गोळी चालेल का, हे इन्व्हिक्टस नावाच्या मोठ्या चाचणीत तपासलं गेलं. दिल्लीच्या एम्सचे डॉ. गणेशन कार्तिकेयन तिच्या प्रमुखांपैकी एक. २०२२ मध्ये निकाल आला: साडेचार हजार रुग्णांत जुन्या पद्धतीची गोळी घेणाऱ्यांमध्ये मृत्यू कमी होते. म्हणजे झडप खराब असलेल्या या रुग्णांना जुनी गोळी, आयएनआर आणि मेथीचा हिशेब टळत नाही. परदेशी रुग्णांसाठी बनवलेला 'एएफवर नैसर्गिक उपाय' असा व्हिडिओ त्यांना लागूच होत नाही.

यात जामखेड कुठून आलं?

नगर जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण जगातल्या आरोग्य क्षेत्रात या जिल्ह्याची ओळख जामखेडमुळे जुनी आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावानेच निवडलेल्या बायका, त्यातल्या बऱ्याच निरक्षर, त्यांना गर्भवतीची तपासणी, बाळाचं वजन, क्षय आणि कुष्ठरोग ओळखणं शिकवलं. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आलं, १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जामखेडने दाखवलं ते असं: आजार ओळखायचं साधं ज्ञान गावात पोचलं, तर शहरातल्या मोठ्या दवाखान्याची वाट बघावी लागत नाही. एएफला हेच लागू होतं. गुजरातच्या आणंद जिल्ह्यात अशाच पद्धतीने काम झालं. गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी मोबाइलला जोडायच्या छोट्या ईसीजी यंत्राने पन्नाशी ओलांडलेल्या लोकांना तपासलं. शंभरात एक ते दोन जणांना एएफ निघाला.

आज सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या लोकांची बीपी, साखर आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची तपासणी होते. या पाचांच्या यादीत अनियमित नाडी नाही. दंडाला बीपीचा पट्टा बांधला जातोच आहे. त्याच वेळी मनगटावर एक मिनिट बोट ठेवायला खर्च शून्य आहे. खरी अडचण पुढची आहे. नाडी चुकलेली सापडली तर ईसीजी कुठे, आणि गोळी सुरू झाली तर आयएनआर कुठे? जामखेडच्या माणसाला त्यासाठी सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवरच्या नगरला जावं लागणार असेल, तर दोन-तीन फेऱ्यांनंतर तपासणी सुटते. मग पाचशे-हजाराची सप्लिमेंटची बाटली घरपोच मिळते ती सोपी वाटते.

मग करायचं काय?

घरातल्या साठीपुढच्या माणसाची, आणि बीपी, शुगर, थायरॉइड किंवा झडपेचा त्रास असलेल्याची नाडी अधूनमधून पूर्ण एक मिनिट बघा. अंगठ्याने नाही, पहिल्या दोन बोटांनी. लय सतत तुटक लागली, किंवा बीपीच्या मशीनवर अनियमित ठोक्यांची खूण वारंवार दिसली, तर ईसीजी काढा. निदान ईसीजीवरच होतं, घड्याळावर किंवा अॅपवर नाही.

एएफ निघाला तर डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: झडप ठीक आहे का, आणि रक्त गोठू न देणारी गोळी लागेल का? लागत असेल तर ठोके ताळ्यावर आले, बरं वाटलं, योग जमला, तरी ती मनाने बंद करू नका. सुरू असलेली प्रत्येक बाटली, काढा, चूर्ण डॉक्टरांना दाखवा. अंगदुखीवर मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक स्वतःहून घेऊ नका, त्याने रक्तस्राव वाढतो.

वजन, मीठ, दारू, झोप, चालणं, ताण यांवर जरूर काम करा. त्याचा उपयोग सिद्ध आहे आणि त्याला बाटली लागत नाही. आणि तोंड वाकडं झालं, हात खाली पडला, जीभ जड झाली, तर "वारं गेलं" म्हणून मालिशवाल्याकडे नेऊ नका. १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायला साडेचार तासच मिळतात, आणि त्यातला बराच वेळ रस्त्यातच जातो.