आपले घर आणि दुसऱ्याचे

डोक्यावर हक्काचे छप्पर असावे म्हणून माणूस जन्मभर राबतो. पण त्या छपराचा भरवसा किती धरावा, असे आमच्या हिंगोली जिल्ह्यात जमीनच अधूनमधून विचारत असते. वसमत, औंढा, कळमनुरीकडच्या गावांत जमिनीखालून गूढ आवाज येतात. २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. ज्यांना १९९३ ची किल्लारी आठवते, ती माणसे अशा वेळी लेकराबाळांना घेऊन अंगणात येतात. कर्ज काढून बांधलेले घर मागे उभे असते आणि उघडे आभाळ अधिक सुरक्षित वाटते.

आम्हा ख्रिस्ती माणसांना यात नवल वाटू नये. आमचा मूळपुरुष अब्राहाम तंबूत राहिला. आमच्या प्रभूला डोके टेकायला स्वतःची जागा नव्हती. या जगात आपण पाहुणे आहोत, खरे घर पुढे आहे, हे आम्ही प्रत्येक मयताच्या वेळी ऐकतो. आणि दफनभूमीतून परतल्यावर भावाशी सामाईक भिंतीचा वाद पुन्हा सुरू करतो!

हा विचार परका आहे असेही नाही. याच जिल्ह्यातल्या नरसीचे नामदेव पार पंजाबात घुमानपर्यंत गेले. गुरू ग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदे आहेत. देव एका गाभाऱ्यात मावत नाही, हा धडा त्यांना औंढ्यात विसोबा खेचरांनी दिला, अशी कथा आहे. घरादाराचा मोह सुटावा, ही शिकवण मराठी माणसाने कीर्तनातही ऐकली आहे आणि चर्चमध्येही.

प्रश्न निराळाच आहे. मोह सोडायचा, पण कोणाच्या घराचा?

रेव्हरंड ना. वा. टिळकांचे उदाहरण घ्या. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा मांडलेला संसार मोडला. त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या. १९०० साली त्यांनी स्वतः ती श्रद्धा स्वीकारली. पुढे १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि ते ख्रिस्ती संन्यासी झाले. त्यांच्या त्यागापुढे मी नतमस्तक आहे. पण 'स्मृतिचित्रे' वाचताना मला वाटते, टिळकांनी घर सैल हाताने धरले, ते दुसऱ्या कोणीतरी घट्ट धरून ठेवले होते म्हणून. बालकवी ठोंबऱ्यांसारखा तरुण कवी त्या घरात राहिला. त्याच्या ताटात वाढायला चूल पेटती लागत होती, आणि ती लक्ष्मीबाईंनी पेटती ठेवली. त्यांच्या विनोदामागचे कष्ट आपण विसरता कामा नये.

पंडिता रमाबाईंची वाट मला अधिक पुरी वाटते. त्यांचे बालपण आईवडिलांबरोबर तीर्थयात्रेत गेले. दुष्काळाने आईवडील नेले. घर म्हणजे काय हे ज्यांना फारसे लाभले नाही, त्यांनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढे केडगावला मुक्ती सदन वसवले. स्वतःसाठी काही राखले नाही, आणि निराधार बायकांसाठी मात्र भिंती पक्क्या बांधल्या.

म्हणून म्हणतो, अनासक्तीचा उपदेश दुसऱ्याला करताना जपावे. दिवाळीच्या सुमारास आमच्या भागातली कितीतरी घरे कुलूपबंद होतात. उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला जातात, उसाच्या फडाजवळ कोपीत राहतात, मुलांची शाळा बुडते. त्यांना अब्राहामाचा तंबू सांगून समाधान मानायला लावणे ही थट्टा होईल. त्यांचे घरकुल वेळेवर उभे राहावे म्हणून कचेरीत चार खेपा घालणे, हा त्यांच्यापुरता खरा धर्म.

आणि आपल्याच घरातले पाहा. मृत्युपत्र नसेल तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने ख्रिस्ती मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. तरी बाप गेला की बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते. "ताई, इथले काय बरोबर न्यायचे आहे?" हे भाऊच विचारतो, आणि वाडा स्वतःकडे ठेवतो. हा प्रश्न त्याने आधी स्वतःला विचारायला हवा.

ज्याला डोके टेकायला जागा नव्हती, त्या येशूने वधस्तंभावर प्राण जाता जाता काय केले? आईला आपल्या शिष्याच्या हवाली केले, आणि त्याने तिला आपल्या घरी नेले. स्वतः बेघर असलेल्याने शेवटच्या घटकेला आईच्या घराची सोय पाहिली. आपले घर सैल हाताने धरावे, दुसऱ्याच्या घराला मात्र दोन्ही हातांनी आधार द्यावा, एवढाच अर्थ मी त्यातून घेतो.