आधी झीरो, मग दुर्बीण

यंदा आमच्या महाविद्यालयाच्या नेमबाजी मंडळाकडे माजी विद्यार्थ्यांनी दिलेली थोडी रक्कम जमा झाली आहे, आणि तिचे काय करायचे यावरून आमच्यात सरळ दोन तट पडले आहेत. बहुमत असे की, मंडळाच्या एअर रायफलवर नऊपट मोठे दाखवणारी एक झकास दुर्बीण बसवावी, म्हणजे नवे विद्यार्थी येतील आणि गुणही वाढतील. विद्यार्थी येतील, हे मला मान्य आहे. गुण वाढतील, हे मात्र मान्य नाही. एन. सी. सी.त तीन वर्षे काढलेली आणि दोन वर्षे या मंडळाचे टार्गेटचे कागद जपून ठेवणारी एक विद्यार्थिनी म्हणून माझे मत इथे मांडते. कन्नड विभागात लिहिणाऱ्या माझ्या सहकाऱ्याने आपल्या पानांत दुसरी बाजू मांडली तर मला आनंदच होईल. रेंजवर आम्ही शेजारीशेजारीच पडून नेम धरतो. तो लक्ष्याला 'गुरी' म्हणतो आणि मी 'बुल' म्हणते, एवढाच काय तो फरक.

पहिला प्रश्न असा की, नेम चुकतो म्हणजे नेमके काय होते? कॅम्पात २५ मीटरवरून पॉइंट टू-टूच्या पाच गोळ्या मारल्या की उस्ताद कागद हातात घेऊन आधी मध्यापासूनचे अंतर पाहत नाहीत. पाच भोके एकमेकांपासून किती लांब आहेत ते पाहतात. भोके एका रुपयात मावली, मग ती बुलच्या खाली डावीकडे का असेनात, तर तो नेमबाज चांगला. भोके कागदभर विखुरली आणि त्यांतले एक नेमके मध्यात असले, तर ते नशीब. पाच भोकांच्या या झुबक्याला ग्रुप म्हणतात. साइटचा स्क्रू फिरवून ग्रुप वरखाली, डावीउजवीकडे नेता येतो. तो लहान करता येत नाही. लहान होतो तो श्वास, खांदा, चाप ओढणारे बोट आणि छर्ऱ्यांचा दर्जा यांनी. माझ्याजवळच्या कागदांवरून सांगते, आमच्या मंडळातल्या बहुतेकांचे दुखणे ग्रुपचे आहे, साइटचे नाही.

झीरो करणे म्हणजे दृष्टिरेषा आणि छर्ऱ्याची वाट एका ठराविक अंतरावर एकत्र आणणे. दृष्टिरेषा सरळ असते. छर्रा नळीतून सुटल्याक्षणी जमिनीकडे ओढला जाऊ लागतो, म्हणून त्याची वाट वाकडी. त्यामुळे दहा मीटरचा झीरो पंचवीस मीटरला चालेल असे धरून चालता येत नाही. पद्धत साधी आहे. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवावी, एकाच बिंदूवर नेम धरून पाच छर्रे मारावेत, भोकांचा सरासरी मध्य काढावा आणि तेवढीच दुरुस्ती करावी. मग पुन्हा पाच. एक छर्रा मारून स्क्रूला हात लावणे हा आमच्याकडचा जुना रोग आहे. संख्याशास्त्र शिकणाऱ्यांनी तरी तो करू नये; एका निरीक्षणावरून सरासरी काढलेली त्यांच्या वहीत गुरुजी चालवून घेतील काय?

उघड्या साइटवर मागची साइट जिकडे सरकवावी तिकडे मार सरकतो आणि पुढची साइट सरकवली तर उलट. जुन्या मराठीत या पुढच्या खुणेला 'माशी' म्हणत. मार खाली लागत असेल तर माशी ठेंगणी करायची, हे प्रथम ऐकताना कोणालाही उफराटे वाटते. दुर्बिणीला ही कटकट नाही. तिच्या टोपीखालच्या चकतीवर बाण असतो, बाणाच्या दिशेने फिरवले की मार तिकडे जातो. पण इथेही हिशेब चुकतोच. चकतीवर लिहिलेले असते, एका टिचकीला शंभर यार्डांवर पाव इंच. आपली रेंज दहा मीटरची. तिथे तीच टिचकी सुमारे ०·७ मिलिमीटर सरकवते. म्हणजे ग्रुप २१ मिलिमीटर खाली असेल तर तीस टिचक्या द्याव्या लागतील. दोन टिचक्या देऊन "दुर्बीण बिघडली" असे म्हणणारे वीर मी पाहिले आहेत.

आता दुर्बीण निवडण्याचा मुद्दा. बाजारात प्रत्येकजण किती पट मोठे दिसते एवढेच विचारतो. पण दहा मीटरवर खरा अडथळा पॅरॅलॅक्सचा. अकरावीत भिंगाच्या प्रयोगात टाचणी आणि तिची प्रतिमा यांतला पॅरॅलॅक्स काढण्यासाठी आपण डोके डावीउजवीकडे हलवत बसलो होतो, तोच हा. मोठ्या रायफलींच्या साध्या दुर्बिणी बहुधा शंभर यार्डांच्या आसपास जुळवलेल्या असतात. त्यांतून दहा मीटरवरचा कागद पाहिला तर तो धूसर दिसतो, आणि डोळा जरासा सरकला की फुलीही लक्ष्यावरून सरकते; रायफल मात्र जागची हललेली नसते. म्हणून एअर रायफलसाठी अगदी जवळच्या अंतरावर जुळवता येणारी दुर्बीण लागते. नऊपट की चारपट हा प्रश्न त्यानंतरचा. नऊपटीत लक्ष्य मोठे दिसते खरे, पण आपल्या हाताचा कंपही नऊपट दिसतो. नवखा नेमबाज ती नाचणारी फुली पाहून घाबरतो आणि ती मध्यावरून जाताना घाईने चाप झटकतो. झटकलेला चाप म्हणजे वाया गेलेला छर्रा.

शिवाय आपली रायफल स्प्रिंगची आहे. स्प्रिंगच्या एअर रायफलला दोन धक्के बसतात: स्प्रिंग सुटून पिस्टन पुढे धावतो तेव्हा रायफल मागे येते, आणि पिस्टन टोकाला जाऊन थबकतो तेव्हा ती पुढे झेपावते. रायफलीच्या दुर्बिणी मागच्या धक्क्यासाठी बांधलेल्या असतात. या पुढच्या झटक्याने त्यांची भिंगे ढिली होतात, फुलीची तार तुटते, किंवा अख्खी दुर्बीण खाचेतून मागे सरकत जाते. स्प्रिंगच्या रायफलसाठी म्हणून बनवलेली दुर्बीण आणि अटकाव-खिळा असलेली पकड घेतली नाही, तर पैसे पाण्यात.

बसवण्याचे कामही बाजारातून आल्याआल्या उरकण्याचे नाही. रायफलवरची खाच बहुधा ११ मिलिमीटरची. दुर्बिणीची नळी एक इंची किंवा ३० मिलिमीटरची. कडी त्याच मापाची हवीत. पकडीच्या खाचेतले तेल पुसावे. कड्यांचे स्क्रू सायकलच्या चाकाच्या आऱ्यांप्रमाणे आळीपाळीने, थोडेथोडे आवळावेत. एकच बाजू आधी घट्ट केली तर नळी पिळली जाते. पूर्ण आवळण्याआधी नेम धरण्याच्या पवित्र्यात डोळे मिटून गाल दस्त्यावर टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. पूर्ण गोल चित्र दिसले तर दुर्बीण योग्य अंतरावर आहे. कडेला काळी चंद्रकोर दिसली तर पुढेमागे करावी. फुली उभी आहे की कललेली, हे डोळ्यांच्या अंदाजाने ठरवू नये. भिंतीवर गवंड्याचा ओळंबा टांगावा, रायफल सपाट धरावी आणि फुलीची उभी रेघ दोरीशी जुळवावी. फुली तिरकी असली तर वर सरकवलेला मार बाजूलाही जातो, आणि आपण दिवसभर रायफलीला दोष देत बसतो.

हे सगळे करूनही एक गोष्ट राहतेच. स्पर्धेत ही दुर्बीण चालत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दहा मीटर एअर रायफल आणि पन्नास मीटर रायफल या प्रकारांत दुर्बीण लावता येत नाही. मागे बारीक छिद्राची पीप साइट आणि पुढे कडे, एवढेच. त्या छिद्राची करामत पिनहोल कॅमेऱ्याची आहे: पुढचे कडे आणि लांबचा बुल दोन्ही पुरेसे स्पष्ट दिसतात, आणि गोलात गोल बसवणे डोळ्याला उपजत जमते. दहा मीटरच्या कागदावरचा दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. अभिनव बिंद्राने २००८ साली बीजिंगला सुवर्णपदक मिळवले ते याच साइटवर. आपल्या शेजारच्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या ठरल्या, आणि राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१·४ गुणांनी कांस्यपदक आणले, तेही दुर्बिणीशिवाय. आपली मुले आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला जाणार असतील तर त्यांनी वर्षभर फुलीवर सराव करून आयत्या वेळी कड्याकडे वळावे, हे मला पटत नाही.

दुर्बिणीचा काही उपयोगच नाही, असे मी म्हणत नाही. चष्मा लागलेल्यांना माशी, खाच आणि लक्ष्य अशा तीन अंतरांवर डोळा नाचवावा लागतो. दुर्बिणीत लक्ष्य आणि फुली एकाच पडद्यावर दिसतात. कोणत्या डब्यातले छर्रे आपल्या नळीला मानवतात हे तपासायलाही ती उत्तम, कारण डोळ्याची चूक त्यातून वजा होते. पण ती कामे वर्षातून चार दिवसांची.

म्हणून माझी सूचना अशी. रक्कम आधी एकाच बनावटीच्या चांगल्या छर्ऱ्यांवर खर्च करावी, मग दोन रायफलींना पीप साइट बसवावी. उरलेल्या पैशांत तिकाटण्यावरची एक निरीक्षणाची दुर्बीण घ्यावी. पॉइंट टू-टूचे भोक सुमारे ५·६ मिलिमीटरचे असते. काळ्या बुलमधले ते पन्नास मीटरवरून नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. दर पाच गोळ्यांनंतर रेंज बंद करून कागदापर्यंत चालत जाण्यात निम्मा तास जातो, आणि रेंजवर माणसे जितक्या कमी वेळा पुढे जातील तितके बरे.

आणि एक वही. मागच्या वर्षी एकच रायफल सातजण वापरत होते आणि प्रत्येकजण आल्याबरोबर आपल्या डोळ्यासाठी स्क्रू फिरवत होता. गालाची ठेवण, खांद्याची पकड, डोळ्याची जागा वेगळी, म्हणून एकाचा झीरो दुसऱ्याचा असेलच असे नाही. रायफलशेजारी दोरीने बांधलेल्या वहीत प्रत्येकाचे नाव, अंतर, छर्ऱ्याचा प्रकार आणि मंडळाच्या ठरलेल्या खुणेपासून किती टिचक्या, एवढे लिहिले तर पुढचा माणूस अर्ध्या मिनिटात आपल्या जागेवर येईल. वहीला वीस रुपये लागतील. ते मी देते. बाकीच्यांनी मंडळाच्या पुढच्या सभेला आपापले टार्गेटचे कागद घेऊन यावे, म्हणजे कोणाचे दुखणे स्क्रूचे आणि कोणाचे चापाचे हे टेबलावरच दिसेल.